दीड मिनिट

मंगळवारी फावड्याचा दांडा मोडला.
खरं सांगायचं तर मी मोडला.
सव्वा तास खपून दारापासून रस्त्यापर्यंत वाट काढली होती,
तेवढ्यात शहराची बर्फगाडी आली,
पिवळा दिवा फिरवत, शांतपणे,
आणि गुडघाभर ढीग ओतून गेली
नेमका माझ्या वाटेच्या तोंडाशी.
वर ड्रायव्हरने हात केला, ओळखीचा असल्यासारखा.

डलूथमध्ये फेब्रुवारी असाच असतो.
अठ्ठावन्न वर्षं माहीत आहे मला.
माहीत असून काय उपयोग?
फावडं टपालपेटीवर आपटलं.
टपालपेटीला पोचासुद्धा आला नाही.

शाळेच्या बसगाड्यांचे फोन मी घेते, पहाटे पाचपासून.
बस उशिरा का आली, बस लवकर का गेली,
आमच्या पोराचा एकच हातमोजा घरी कसा आला.
हो, मॅडम. समजतंय, सर.
तळपायाची आग मस्तकात जाते
आणि मस्तकावर हेडफोन असतो.
मग ती आग कोटाच्या खिशात घालून घरी आणते
आणि वेंडलवर काढते.
वड्याचं तेल वांग्यावर.
बिचारं वांगं सोफ्यावर बसून मासेमारीचे गळ बांधत असतं.
"काय झालं?" विचारतं.
"काही नाही," म्हणते मी,
आणि ताटल्यांचं कपाट माझ्या वतीने बोलतं.

सिग्नेने मिनियापोलिसहून बाटली पाठवली.
करंगळीएवढी, तपकिरी, ड्रॉपर लावलेली. सीबीडी.
"नशा येत नाही हं, आई," दोनदा बजावलं तिने,
जणू माझी निराशा होणार होती.
औषधांच्या दुकानातल्या ओडेगार्डने चष्मा कपाळावर नेला,
माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं नाव विचारलं,
डॉक्टरला फोन लावला, बराच वेळ हं हं केलं.
मग म्हणाला, "थोडंसंच घे. आणि चमत्काराची वाट बघू नकोस."

जिभेखाली थेंब.
दीड मिनिट गिळायचं नाही, बोलायचं नाही.
चव ओल्या गवताची,
होडीच्या तळात साचलेल्या पाण्याची.
मिठाची गुळणी धरणं आमच्या घराण्यात कुणाला जमलं नाही,
माझ्या आईला तर तिच्या आजारातसुद्धा नाही.
ही तेलाची गुळणी.

पहिल्याच संध्याकाळी वेंडलने ओले बूट गालिच्यावर ठेवले.
वाक्य तयार होतं,
एका टोकाला 'नेहमी', दुसऱ्या टोकाला 'कधीच',
मधे तीस वर्षं.
जीभ अडकलेली.
घड्याळाकडे बघितलं. चाळीस सेकंद.
घड्याळाकडे बघून कंटाळा आला, म्हणून बुटांकडे बघितलं.
दोन जोड होते.
दुसरा माझा.
पहाटे पायांना गार लागू नये म्हणून
अंगणातल्या पडवीतून आत आणलेला,
हीटरकडे तोंड करून.

गिळलं.
वाक्य सगळंच खाली गेलं असं नाही.
"गालिचा भिजला," एवढं निघालंच.
पण हळू.

सिग्ने विचारते, गुण येतोय का?
तेलाचा की त्या दीड मिनिटाचा, मला काय ठाऊक.
एवढं कळलं, की राग बर्फावर नव्हता.
मी उपसते ते कुणाला दिसत नाही,
त्यावर होता.
कळलं म्हणून गेला नाही. बसलाय तिथेच.
आता निदान खुर्ची कुठली, ते माहीत आहे.

शनिवारी गाडी पुन्हा आली. पुन्हा ढीग.
नवा दांडा हातात होता, दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली.
थेंब वगैरे काही नव्हतं,
नुसतंच तोंड मिटून मोजलं.
साठ. सत्तर.
त्याने हात केला.
तोवर गाडी वळणावर पोचली होती,
तरी मीही केला.

मंगळवारचं एक सांगायचं राहिलं.
तेव्हा मी शहराच्या नंबरावर फोन लावला होता,
नाव न सांगता, तोंडाला येईल ते बोलले.
पलीकडची बाई म्हणाली,
"हो, मॅडम. समजतंय."
हुबेहूब माझा सूर.
तिच्या घरी सोफ्यावर कोण बसलेलं असेल त्या रात्री?