रुमालाखाली

मार्केट यार्डात, हळदीच्या थप्पीमागं
एक काळा पडदा आहे. त्याला माऊस नाही.
सातगोंडा अण्णांचा सन्मती पुण्याहून फोनवर म्हणाला,
"ताई, दराची फाईल उघडा, एक आकडा बदला, बाहेर या.
दोन मिनिटांचं काम."

उघडली.
चौदा हजार पाचशे दाबलं, काहीच उमटलं नाही.
'जे' दाबलं, तर थेट तळाला.
'एक्स' दाबलं, तर सेलमचं पहिलं अक्षर गळालं.
मग एंटर, एंटर, एंटर.
बाहेरची वाट कुठंच लिहिलेली नव्हती.
शेवटी भिंतीवरचं बटणच बंद केलं,
पंखाही थांबला, आणि तोलार माझ्याकडं बघायला लागले.

"एस्केप. मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह."
उद्गारचिन्ह कशाला रे?
"खरंच जायचंय, हे त्याला बजावायला."
सन्मती हसला नाही. पोरगं गुणाचं.

"इथं दोन अवस्था असतात, ताई.
एकीत कळ म्हणजे अक्षर,
दुसरीत तीच कळ म्हणजे हुकूम.
आपण कुठल्या अवस्थेत आहोत ते आधी बघायचं."

हे मला कुणी शिकवायला नको होतं.
आमचे दादा सौद्याला उभे राहायचे,
रुमालाखाली दोन हात, वर तोंडं गप्प,
किंवा चहात साखर कमी पडली, एवढंच.
चार बोटं धरली, तर कधी चारशे, कधी चार हजार.
घर कुठलं, ते आधी ठरलेलं असायचं.
मी पोत्यावर बसून हलणारा रुमाल बघायची,
आत उंदीर आहे असं वाटायचं.

आता माझी एस्केपची कळ पिवळीधमक झालीय,
बाकीच्या अजून करड्याच.
पावतीच्या पाठीवर लिहून ठेवलंय :
डी डी, ओळ उडते. यू, परत येते.
ज्या दिवशी 'यू' कळलं
त्या दिवशी दहा ओळी मुद्दाम उडवल्या.

रात्री दादांनी विचारलं,
"त्या डब्यातनं सुटतीस कशी गं?"
मी त्यांच्या मांडीवर नॅपकिन टाकला,
खाली हात घातला,
आणि त्यांच्या तळव्यावर दाबलं :
एकदा, थांबून दोनदा, मग शेवटचं जोरात.
दादांनी डोळे मिटले. मान हलवली.
"एवढ्यात न्हाई परवडत," म्हणाले, "आणखी वाढव."