कोरी ओळ

काल लीड्सहून एका पोरीचा फोन आला.
कॉलेजचा ऑर्केस्ट्रा आहे, म्हणाली,
तुम्ही दिलेल्या खोक्यातलं 'ओहोटीचं वेळापत्रक' बसवतोय.
सगळ्यांचे कागद मिळाले,
माउथ ऑर्गनचा तेवढा सापडत नाही.

सापडणार कसा?
एकवीस वर्षं मी सिरिल हेबलथ्वेटच्या नकला उतरवल्या.
कागदांच्या. माणसाची नक्कल कुणाला जमली नाही.
रात्री अकराला तो स्कोअर टाकून जायचा
आणि सकाळी नऊला चाळीस वादकांपुढे चाळीस कागद,
शाई वाळो न वाळो.
व्हायोलांच्या ओळीवर त्याच्या चहाच्या कपाचे गोल,
बासून गप्प बसतो त्या जागेत वाणसामानाची यादी:
अंडी, कंदिलाच्या वाती, हेस्टरचं खोकल्याचं औषध.

मूळ हॅलिफॅक्सचा.
बाप मागांच्या खडखडाटात बहिरा झालेला,
घरात सगळे एकमेकांचे ओठ वाचायचे.
पोरानं जत्रेत आपला पाळलेला फेरेट देऊन
तो तळहाताएवढा पत्रा घेतला
आणि बापाच्या जबड्याला टेकवून वाजवला.
"कळलं," म्हणाला बाप.
आयुष्यभराची शाबासकी तेवढीच.

मग मोरकॅमच्या धक्क्यावर उन्हाळी बँड,
वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कागदांना कपड्यांचे चिमटे.
मग युद्ध, त्याबद्दल तो बोलला नाही, मीही विचारलं नाही.
मग रेडिओ. मंगळवारी साडेदहा,
इस्त्री करणाऱ्या बायांसाठी अर्धा तास.

टीकाकार लिहायचे, हलकं संगीत.
तो ते कात्रण स्टुडिओच्या दाराला डकवायचा, टाचणी सरळ मारून.
हलकं म्हणजे हीन? असेल बापडं.
मी चाळीस धिप्पाड स्वर एका मुठीत उचलताना पाहिलेत,
आणि वर काय, तर कपावरची वाफ.
हलकं करायला किती वजन लागतं
ते आम्हा उतरवणाऱ्यांच्या बोटांना विचारा.

मिस पार्जेटर, शेवटच्या रांगेतली व्हायोला.
तेवीस वर्षं ऊम-चकमधला चक.
निवृत्तीच्या आठवड्यात त्यानं तिला
चार बारांचा सोलो लिहिला, न सांगता.
तिनं तीन वाजवले.
चौथ्याला ती चष्मा पुसत होती,
तेव्हा उजव्या हातातली छडी चालूच ठेवून
डाव्या हातानं त्यानं पत्रा ओठाला लावला
आणि तिचं वाक्य तिच्याच आवाजात पुरं केलं.
घराघरांत कुणाला पत्ता लागला नाही.

एकोणसत्तरला पत्र आलं. ऑर्केस्ट्रा बंद.
सहीच्या जागी रबरी शिक्का.
पुढं एका ग्रेव्हीच्या जाहिरातीत तो अकरा सेकंद वाजला,
लोकांना आठवतं ते तेवढंच.
मला राग आला, त्याला नाही.
म्हणाला, त्या अकरा सेकंदांत
तीनदा मी श्वास आत घेतलाय, ऐकलास का?
सनई-बासरीवाले श्वास टाकताना बोलतात,
हा पत्रा घेतानाही बोलतो.
शेवटी दवाखान्यात नर्स म्हणाली, "दीर्घ श्वास घ्या,"
तर हा विचारतो, "कुठल्या पट्टीत?"
नर्स हसली नाही. मग मीही नाही.

तर तो कागद.
प्रत्येक स्कोअरच्या तळाशी एक ओळ कोरी,
समासात पेन्सिलीनं एकच अक्षर: मी.
चारशे बारा रचना, तळाला हेच.
पानामागे मला नऊ पेन्स मिळायचे,
कोऱ्या ओळीचं पान कुणी मोजत नाही.

पोरीला म्हटलं, कागद नाही, कधी नव्हताच.
तिकडे शांतता. मागे कुणीतरी ओबो जुळवत होतं.
विचारलं, तुमच्यात वाजवणार कोण?
"मी," म्हणाली.

बरोबर, म्हटलं.
तसंच लिहिलंय.