पायाखाली येऊ नये असं

शुक्रवारी रात्री भायलीत वीज गेली
ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आली नाही,
आणि सोसायटीचा जनरेटर फक्त लिफ्टसाठी आहे
हे मला तेव्हा कळलं.
फ्रीजरमधल्या चौदा पिशव्यांचं पाणी झालं.
प्रत्येकीवर माझ्या अक्षरात तारीख, वेळ, मिली.
बँकेच्या स्टेशनरीच्या खोलीत
व्हाउचरच्या गठ्ठ्यांना पाठ टेकून,
दाराला आतून खुर्ची लावून जमवलेलं.
सव्वीस आठवड्यांची रजा संपून नऊच दिवस झालेले.

सिंकपाशी पहिली पिशवी फोडली
तर झमकूनं मनगट धरलं.
मोरीत नाय, बेन. पायाखाली आलं की आटतं.
बाल्कनीत नेऊन कढीलिंबाच्या बुडाशी
एकेक पिशवी ओतली तिनं,
देवाला घालतात तसं, घाई न करता.

आत माझी उठली, रडली.
माझ्याआधी झमकूच्या पोलक्यावर
दोन ओले गोल उमटले.

तुझा आता केवढा झाला? मी विचारलं.
पाच महिने.
(बाळंतपणाच्या बारा दिवसांचा पगार मी कापला नव्हता,
एवढं मला पक्कं आठवत होतं.)
कोणाजवळ असतो?
मोठीजवळ. साइटवरच, पत्र्यात.
मोठी सात वर्षांची.
चहात पाव बुडवून देते, खातो तो.
दाहोदची बस किती वाजता, तशा आवाजात.

मग तुझं?
तिनं कुंडीकडे पाहिलं.
रोज अकराला. भरून येतं, दुखतं.
बाथरूममध्ये पायाखाली येईल ना.

आणि मी महिनाभर सगळ्यांना सांगत होते,
यंदा काय फुटलाय कढीलिंब!
अळिवाच्या लाडवांचा डबा घेऊन आई
दांडिया बाजारातून आली की
जाताना मूठभर तोडून न्यायची.
आमच्या वरणात रोज तीच पानं.

त्याला घेऊन ये, म्हटलं.
वॉचमन लेकराचा पास मागतो, ती म्हणाली.
सेक्रेटरींना दोन मेल, एक फोन.
गुरुवारी वालू आला,
काजळाचा टिळा लावून, माझ्या मुलीहून हलका.
झमकू भिंतीकडे तोंड करून बसली,
आणि त्याच्या गिळण्याचा आवाज
स्वयंपाकघरापर्यंत आला.

माझ्या मुलीच्या चटईवर त्याला निजवायला गेले,
तर आईनं काही न बोलता
दुसरी चटई आणून घातली.
मीही काही बोलले नाही.

कढीलिंब आता बेताचाच फुटतो.
आईनं परवा विचारलं,
खत बंद केलंस का?