डावीकडे

सांग्याच्या रस्त्याला लागलं की गाडी डावीकडे ओढायची,
मी उजवीकडे. असे आठ महिने.

इनास म्हणाला, "हात सोड पळोवया."
सोडले.
काजूच्या कुंपणाकडे निघाली ती,
तिन्हीसांजेची गाय वळते तशी.

आधी हवा पाहिली. दोन्हीकडे तीस.
पुढची चाकं अदलाबदल केली, तरी डावीकडेच.
रस्त्यालाच उतार असेल, मी म्हटलं,
खनिजाच्या ट्रकांनी कडा दाबल्यात.
उत्तर न देता
तो सावर्ड्याच्या पुलापर्यंत जाऊन आला,
ब्रेकला पाय न लावता, नुसता वेग सोडत,
आणि उकिडवा बसून एकेका चाकापाशी
पालथा हात नेला,
ताप बघतात तसा.

उजवं कोमट.
डाव्यापाशी हात झटकन मागे.
"हो ब्रेक धरल्यार सोडिना."
पिस्टन गंजलेला. पाय उचलला तरी
तो आपला धरूनच.

साडेअकराशे झाले. पन्नास त्याने सोडले.

परतताना रस्ता सरळ, गाडी सरळ,
तरी मधली पांढरी रेघ
पुन्हा पुन्हा चाकाखाली.
समोरून कदंबा. लांब हॉर्न.

गाडी नव्हे,
उजवीकडे
मीच ओढत होते.