तंग

घोरपडीच्या तबेल्यात अजून अंधार.
खोगीर दिसलं की रेवडी कान मागे टाकते,
पोट फुगवून धरते.
तंग म्हणजे पट्टा, तंग म्हणजे आवळलेलं;
तिला दोन्ही एकच.

कातड्याचा झाला. नायलॉनचा झाला.
कॅम्पातून इलॅस्टिकचा आणला, साडेतीन हजारांचा.
कोपरामागे तीच लाल रेघ.

इलाही मोतदार काही बोलला नाही.
बाजेची जुनी नवार, धुऊन धुऊन मऊ झालेली,
रुंद शिवून आणली,
आधी स्वतःच्या गळ्यावर घासून पाहिली.

एक भोक. थांबला. गूळ.
दुसरं भोक.
पुढचा पाय उचलून
अडकलेली सुरकुती सोडवली.

"दोन बोटं जायला हवीत," म्हणाला, "घाला."

घातली.
रेवडीनं पोट सोडलं, लांब फुरफुरली,
आणि मी, उगाच,
माझाही पट्टा एक भोक सैल केला.