सत्त्याण्णवावा बिल्ला

बोर्डावर लिहिलंय: गाड्या शहाण्णव.
माझ्या पेटीत बिल्ले एकशे चाळीस.
वरचे चव्वेचाळीस दिवाळीत आले,
पितळेचे नाहीत, लाल प्लास्टिकचे.
मालक म्हणाले, अंबूबाई, सीझन आहे,
जरा दाबून बसवा.

दाबून बसवायला ही काय तंबाखू आहे?
एकवीस वर्षं विड्या वळल्या मी,
मांडीवर सूप, बोटाला दोरा.
पंचवीसचा कट्टा. चाळीस कट्टे झाले की हजार.
कट्ट्यात सव्विसावी घुसवली तर
दोरा आधी काहीच बोलत नाही.
मग एकदम बोलतो.

शहाण्णव म्हणजे चार कट्ट्यांना चार कमी.
ज्यानं हा आकडा काढला
त्यानंही हात राखून चार सोडल्या असतील,
असं मला आपलं वाटतं.
आणि तेव्हाच्या गाड्या तरी केवढ्या!
दोघांनी उचलून बाजूला ठेवाव्यात अशा.
आताची एकेक म्हैस,
वर तिसऱ्या मजल्यावर धुलाईची टाकी, पाच हजार लिटरची,
आणि रात्री टॉवेलच्या गठड्यांचे दोन टेम्पो,
ज्यांना बिल्लाच नाही.

सात नंबरच्या खांबाशी, तुळईच्या पोटाला
आधी केस होता.
संक्रांतीला, गड्ड्याची गर्दी ओसरली तेव्हा, दोरा झाला.
मल्लिनाथ नावाचा पोरगा आला, हातात एवढीशी हातोडी.
ठोकत गेला. म्हणाला, मावशी, ऐका,
इथं भरीव. इथं भरीव.
इथं?
मडक्यासारखं वाजलं.
भेगेवर त्यानं काचेची पट्टी चिकटवली,
शेजारी तारीख लिहिली.
काच फुटली तर वरच्या गाड्या आधी काढा, म्हणाला,
मग फोन करा.
त्याचा कागद मालकांच्या खणात आहे,
लक्ष्मीच्या कॅलेंडराखाली.

मे महिन्यात, मुहूर्ताच्या दिवशी, पारा चव्वेचाळीसवर,
काच फुटली.
आवाज मला आला नाही,
आला असेल तर वाजंत्रीत गेला.
शिट्टी फुंकून मी वरच्या गाड्या उतरवल्या,
फेटे बांधलेले पाहुणे मला काय काय बोलले.
मालकांना फोन लावला.
ते म्हणाले, काच आहे, फुटणारच की ओ.
दुसरी चिकटवा.

त्या दिवसापासून लाल बिल्ले
माझ्या डब्यात असतात, कडक भाकरीखाली.
गाडी येते. काच खाली होते. गार वारा बाहेर येतो.
वर कोपरा रिकामा दिसतोय की, मावशी.
दिसू दे.
शंभर जास्त देतो.
ठेवा ते तुमच्यापाशी.
मग ते हॉर्न वाजवतात,
त्या आवाजानंही मला सात नंबरचा खांब आठवतो.

बोलते मराठी, मालकांशी थोडं कानडी,
पण मोजणी माझी तेलुगूतच चालते.
तोंभै आरु.
पुढचा आकडा येतो मला.
म्हणत नाही.

पगारातून रोजचे कापतात.
चहावाला यल्लप्पा हसतो:
पडलं का अजून तुमचं पार्किंग?
नाही पडलं.
हेच तर सगळ्यांकडं माझ्याविरुद्ध आहे,
नाही पडलं.

काल रात्री शेवटची गाडी गेली,
टेम्पो यायचे होते.
पितळेचा एक बिल्ला घेऊन स्टुलावर चढले,
ठोकत गेले त्या पोरासारखी.
भरीव. भरीव.
मडकं वीतभर सरकलं होतं, खांबाच्या अलीकडं.
चंचीतला चुना काढून तिथं रेघ मारली.
खाली आले. वाटेत आडवी खाट टाकली,
पाटी वळवून उलटी लावली,
टेम्पोवाल्यांनी मालकांना उठवलं, मालकांनी मला,
फोनवर बराच वेळ ओरडले.
मी हं हं केलं. खाट काढली नाही.

सकाळी पाळी सुटताना
पितळेचेही तीस डब्यात टाकले.
डबा जड झाला,
बसमध्ये मांडीवर घेऊन बसले,
सुपासारखा.