दहा मिनिटं पुढे

छत्तीस वर्षं स्ट्रॉमनेसच्या धक्क्यावर
मी बोटींचे दोर झेलले.
वरून हाळी यायची, 'मॅन्सी, मेक फास्ट!'
की दोन वेढे, एक तिढा, आणि अख्ख्या गल्लीएवढी बोट
जागची हलायची नाही.
फास्ट म्हणजे हे.
आमच्या बंदरात तरी.

आता दर मंगळवारी वाचनालयात
सीरियाहून आलेल्यांना इंग्रजी शिकवतो.
शिकवतो कसलं, समोर बसतो.
छापील कागदावर होतं: फास्ट. विरुद्धार्थी: स्लो.
शेजारी ससा.
हयामने सशाकडे बघितलं, मग माझ्याकडे,
आणि पर्समधून एक लेबल काढून टेबलावर ठेवलं,
कापडाच्या दुकानातून मागून आणलेलं.
लाल फ्लॅनेल, कलर फास्ट.
'रंग पळतो,' म्हणाली, 'म्हणून नाही घेतलं.'

नाही बाई, म्हटलं, उलट,
कापड विरेल, रंग सुटायचा नाही.

तिने वहीत लिहिलं: फास्ट, पळतो.
त्याखाली: फास्ट, पळत नाही.
आणि पेनाला टोपण लावून
शब्दाकडे अशी बघत राहिली
जसे तिचे कागद सीमेवर कुणी बघितले असतील.

मलाच मग राहवेना.
घरी जाताना एकेक आठवू लागलं.
गाढ झोपलेला माणूस फास्ट,
आणि त्याला उठवायला धावणाराही.
गंजून बसलेली खिडकी, जिवाला जीव देणारा दोस्त.
माझ्या मेव्हणीला चर्चमधल्या बायका फास्ट म्हणायच्या,
ती मैलभरसुद्धा पळाली नाही कधी,
फक्त रविवारी लिपस्टिक लावायची.

जूनमध्ये रमझान आला.
आमच्या बेटावर जूनला रात्र अशी नसतेच,
सूर्य डोंगराआड जरा टेकून येतो इतकंच.
उपासालाही फास्टच म्हणतात हे तिला ठाऊक होतं,
अठरा-एकोणीस तासांचा फास्ट,
'हा सगळ्यात स्लो,' ती म्हणाली. विनोद केला,
इंग्रजीतला तिचा पहिला.

एका संध्याकाळी तिच्या घरचा फ्यूज उडाला.
मसुराच्या सूपचं पातेलं, मुलगा यमान
आणि चार्ज संपलेला फोन घेऊन
माझ्या स्वयंपाकघरात आली.
बाहेर नुसतं धुकं, सूर्य कुठे आहे
ते त्यालाही कळत नसावं.
सगळे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो.
दहा पंचवीस. तिने खजूर उचलला.

थांब, म्हटलं. घड्याळ फास्ट आहे.

खजूर ओठांपाशी.
'घड्याळही?' यमान म्हणाला. 'त्याचाही उपास?'

मला हसू आलं आणि मग सांगायला लागलं.
मेरनने लावलंय ते दहा मिनिटं पुढे.
माझी बायको. माहेर पलीकडच्या बेटावर,
बोट चुकायची धास्ती जन्माची.
नवरा धक्क्यावर दोर धरून उभा
तरी हिला वाटायचं, सुटेल.
तिला जाऊन चार वर्षं झाली.
सेल बदलले दोनदा,
पण काटे पहिल्यांदा होते तिथेच नेऊन ठेवले,
दहा मिनिटं पुढे, मोजून.

हयामने खजूर बशीत परत ठेवला.
तिच्या नवऱ्याचं मी कधी विचारलं नव्हतं,
तेव्हाही विचारलं नाही.
सूपवर साय धरत होती.
यमान एक-एक मिनिट मोठ्याने म्हणत होता, इंग्रजीत,
सातानंतर अडखळला, पुन्हा सात म्हणाला.
कुणी दुरुस्त केलं नाही.

धक्क्याकडून शेवटच्या बोटीचा भोंगा आला.
माझे हात टेबलाखाली आपोआप
काहीतरी आवळू लागले.